कुठला डेस्कटॉप घेऊ, ताई?

‘ताई, विंडोज टेन बंद झालं म्हणे. माझ्या लॅपटॉपचं काय आता?’ दिवाळीच्या पाच दिवस आधी मामेबहिणीचा हा मेसेज आला. मी उत्तर टाइप करतेय तोवर दुसरा येऊन पडला. ‘वर्गातले म्हणतात लिनक्स टाक. पण लिनक्समध्ये पण दहा डेस्कटॉप आहेत. कुठला घेऊ?’ आणि लगेच तिसरा, ‘नवीन लॅपटॉप घे असं सांगू नको.’

तिसरा मेसेज सगळ्यात महत्त्वाचा होता. मामाने यंदा घराची कौलं काढून पत्रे टाकलेत, त्यामुळे तीस-पस्तीस हजारांचा विषय घरात काढायचाच नाही. असलेला लॅपटॉप मामाने धाटावच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना घेतलेला. चार जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचा. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट मिळवायची सोय कंपनीने ठेवली आहे, पण हिचं बीएस्सी आयटीचं दुसरं वर्ष चालू आहे. वर्षभराने ती ऐन शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टात असेल आणि तेव्हा हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

मामाचं गाव निडी. रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. पनवेलहून निघालेली पॅसेंजर पेण, कासू, नागोठणे करत इथे टेकते आणि पुढे रोह्याला जाते. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते, म्हणून रोहा सगळ्यांना माहीत असतं. निडी फक्त निडीच्या लोकांना. बहीण रोज पेणला कॉलेजला जाते. थांबणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये थांबून काम संपवू, ही सोय तिला नाही. गाडीची वेळ झाली की उठायचं. जे काही करायचं ते घरी, त्याच लॅपटॉपवर.

तर दिवाळीला फराळाच्या डब्यांसोबत मी 32 जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन निडीला गेले.

मूर्ती एकच, आखणी वेगळी

पहिल्यांदा तिला (आणि शेजारी बसून चकली खाणाऱ्या मामीला) हे समजावायचं होतं की डेस्कटॉप म्हणजे लिनक्स नव्हे. विंडोजमध्ये हा प्रश्नच येत नाही. स्टार्ट मेनू जसा येतो तसा घ्यायचा. लिनक्समध्ये मात्र आतली यंत्रणा वेगळी आणि आपल्या डोळ्यांसमोर दिसतं ते वेगळं.

पेणला रोज जाणाऱ्या मुलीला गणपतीचा दाखला लगेच पटतो. कारखान्यात एकाच साच्यातून पन्नास मूर्ती निघतात. माती तीच, बैठक तीच. मग एकाला पेशवाई पगडी, एकाला मुकुट, पितांबर पिवळं की जांभळं, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. गिऱ्हाईक मूर्ती निवडतं ते या शेवटच्या कामावर. लिनक्सचा कर्नल म्हणजे ती माती. त्यावर पडद्यावर चित्र काढणारी यंत्रणा. ती पूर्वी एक्स-इलेव्हन होती, 1987 पासूनची. आता तिची जागा 2008 मध्ये सुरू झालेलं वेलँड घेतंय. त्यावर विंडो मॅनेजर बसतो. खिडकी कुठे उघडायची, किती मोठी करायची, कोणती पुढे आणायची एवढंच त्याचं काम. आणि या विंडो मॅनेजरला पॅनेल, मेनू, फाइल बघायचं साधन, वायफायचं चिन्ह, आवाज कमी-जास्त करायची सोय, बॅटरीचा इशारा, सेटिंगची खिडकी असा सगळा संसार जोडून दिला की त्याला म्हणायचं डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट.

नुसता विंडो मॅनेजर घेतला तर हा संसार आपला आपण मांडायचा. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे याच्यावरच गाडी अडणार आहे.

‘पण मग एवढे प्रकार झालेच कशाला?’ बहिणीने विचारलं. याचं उत्तर मजेशीर आहे, कारण ते तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या पोरांनी घातलेल्या घोळाचं उत्तर आहे. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत ट्युबिंगन विद्यापीठात शिकणाऱ्या माटियास एट्रिखने जाहीर तक्रार केली की लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, साध्या माणसाने हे वापरायचं कसं? तक्रार करून तो थांबला नाही, मदतीला माणसं मागितली. त्यातून केडीई उभं राहिलं. पण त्यासाठी त्याने क्यूटी नावाचं जे साहित्य वापरलं, त्याचा तेव्हाचा परवाना पुरेसा मोकळा नव्हता. ते खटकलं म्हणून 1997 च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी नोम सुरू केला. एट्रिख आणि दे इकासा, दोघांचंही वय काम सुरू करताना 24 होतं. एक्सएफसीईसुद्धा 1996 चंच. ऑलिव्हिए फूर्दांने ते व्यावसायिक युनिक्सवरच्या सीडीई नावाच्या डेस्कटॉपसारखं काहीतरी फुकट मिळावं म्हणून सुरू केलं. त्याचं चिन्ह उंदीर आहे. गणपतीचा दाखला देणाऱ्याला आणखी काय हवं!

नंतर 2011 मध्ये मोठं भांडण झालं. नोमची तिसरी आवृत्ती आली आणि त्यात खालची पट्टी गेली, खिडकी लहान करायचं बटण गेलं, सगळंच बदललं. खुद्द लिनस टॉरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीईकडे गेला (नंतर परतलासुद्धा). ज्यांना जुनंच बरं वाटत होतं, त्यांनी जुन्या नोमचा कोड उचलून ‘माटे’ केला. लिनक्स मिंटवाल्यांनी ‘सिनॅमन’ केला. एकत्र कुटुंबात पटलं नाही की वेगळी चूल मांडायची, तसंच हे. फरक इतकाच की इथे भांडी-कुंडी वाटून घ्यावी लागत नाहीत. कोड खुला असल्याने दोघांकडेही अख्खं घर राहतं.

पेन ड्राइव्हमधले चार पाहुणे

कॉलेजच्या ग्रुपवर ‘बेस्ट डेस्कटॉप कुठला’ असं विचारलं की उत्तरं येतात ती सांगणाऱ्याच्या लॅपटॉपवरून. सोळा जीबी रॅमवाला म्हणतो केडीई घे, एकदम मक्खन. बरोबरच आहे, त्याच्याकडे मक्खनच असणार. म्हणून मी ठरवलं होतं की मत द्यायचं नाही, सगळं तिच्याच मशीनवर चालवून बघायचं.

लिनक्सची ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालू करून बघता येतं. व्हेंटॉय नावाचं साधन एकदा पेन ड्राइव्हवर टाकलं की त्यात तीन-चार आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. सुरू करताना यादी येते, त्यातून निवडायचं. मी पनवेलला घरच्या वायफायवरून चार उतरवून नेले होते. नोमसाठी उबुंटू, केडीईसाठी कुबुंटू, एलएक्सक्यूटीसाठी लुबुंटू आणि एक्सएफसीईसाठी लिनक्स मिंट. उबुंटूची फाइल एकटीच सहा जीबीच्या घरात जाते. रोजच्या दीड जीबी डेटावर ती उतरवायला चार दिवस लागले असते, तेही बाकीचं जग बंद ठेवून. गावात ज्याच्याकडे वायफाय आहे त्याच्याकडून पेन ड्राइव्हने आणणं, हा अजूनही लिनक्स पोहोचवायचा खरा मार्ग आहे.

पहिला नोम. दिसायला देखणा, हे मान्यच करावं लागेल. वरती एक पट्टी, मध्ये मोकळी जागा, सुपर म्हणजे विंडोजच्या खिडकीचं बटण दाबलं की सगळ्या खिडक्या समोर पसरतात. टचपॅडवर तीन बोटं फिरवली की पुढचा वर्कस्पेस. बहीण खूश. कॉलेजच्या लॅबमध्येही हाच आहे, त्यामुळे तिला ओळखीचा. मग टर्मिनल उघडून ‘फ्री’ ही कमांड चालवली. काहीच उघडलेलं नसताना सव्वा जीबीच्या आसपास रॅम गेलेली. चारातली सव्वा. ब्राउझर उघडून पाच-सहा टॅब घेतले तसा पंखा आवाज करायला लागला आणि माउसचा बाण अडखळायला लागला. नोमचा दोष नाही यात, तो ज्या मशीनसाठी बनलाय ते हे नव्हे.

केडीई प्लाझ्मा विंडोजसारखा दिसतो, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. रॅम नोमपेक्षा जरा कमीच घेतली, लोक म्हणतात तितका तो आता जड राहिलेला नाही. पण सेटिंग किती! मामी म्हणाली, ‘हे म्हणजे दिवाळीला साडीच्या दुकानात गेल्यासारखं झालं. एवढं दाखवलं की काहीच घेऊ नयेसं वाटतं.’ त्याची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. केडीई कनेक्ट. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर असले की फोनमधले नोट्सचे फोटो थेट लॅपटॉपवर, केबल नको की स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करणं नको. आणि हे दुसऱ्या डेस्कटॉपवरही टाकून वापरता येतं, त्यासाठी अख्खा प्लाझ्मा घ्यायची गरज नाही.

एलएक्सक्यूटी सगळ्यात हलका. अर्ध्या जीबीच्या जरा वर. चालायला झटपट, दिसायला मात्र बहिणीच्या शब्दांत ‘सरकारी ऑफिस’. दोन जीबी रॅमचं मशीन असतं तर मी यावरच शिक्का मारला असता.

एक्सएफसीई पाऊण जीबीच्या आसपास. हे सगळे आकडे आमच्या त्या मशीनवरचे, तेही पेन ड्राइव्हवरून चालवताना, तेव्हा ढोबळच समजा. तुमच्याकडे वेगळे येतील.

पण खरी गंमत पुढे आहे. ब्राउझरचे तेच टॅब एक्सएफसीईत उघडले तर ब्राउझरने एकट्याने दीड जीबी घेतली. म्हणजे कुठला डेस्कटॉप हलका यावर आपण तासभर वाद घालतो ते अर्ध्या जीबीसाठी, आणि ते अर्धं जीबी तीन-चार टॅब मिळून खाऊन टाकतात. म्हणून सरळ सांगते. चार जीबीच्या मशीनवर डेस्कटॉपच्या निवडीने फरक पडतो, पण त्याहून मोठा फरक फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्याने पडतो. दीड-दोन हजारांचा खर्च, चार स्क्रू आणि अर्धा तास. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून तिच्या सख्ख्या भावाकडून आम्ही तीच वसूल केली.

मामीचा प्रश्न

मी मनातल्या मनात एक्सएफसीईवर आले होते. तेवढ्यात मामीने विचारलं, ‘ह्याच्यात मराठी होईल ना?’

मामी बचत गटाची सचिव आहे. बैठकीचं इतिवृत्त, कोणी किती भरले, कोणाला किती दिले, बँकेला द्यायचे अर्ज, सगळं तिच्याकडे. आजवर वहीत चालायचं. आता टाइप करून द्या म्हणतात. फोनवर ती बोटाने भराभर मराठी लिहिते, पण फोनवर तक्ता कोण करणार? लॅपटॉप घरात एकच. म्हणजे डेस्कटॉप बहिणीला आवडून भागणार नव्हतं.

डेस्कटॉप निवडायच्या चर्चांमध्ये हा मुद्दा कधी निघत नाही. इंग्रजीत टाइप करणाऱ्यांनी लिहिलेल्या चर्चा त्या, निघणार कसा? नोममध्ये मराठी टायपिंगची सोय आतच जोडलेली आहे. सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे ‘इनपुट सोर्स’मध्ये मराठी टाकायचं, सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलायची. संपलं. एक्सएफसीईत थोडं स्वतः करावं लागतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’चा टॅब आहे, तिथे मराठीचा लेआउट जोडायचा, बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठरवायचं, आणि पॅनेलवर भाषा दाखवणारं चिन्ह बसवायचं. रोमनमध्ये ‘नमस्कार’ लिहून देवनागरी हवी असेल, तर आयबस नावाचा प्रोग्राम वेगळा टाकून लॅपटॉप सुरू होताना तो आपोआप चालेल असं करावं लागतं. नुसता विंडो मॅनेजर घेतला तर हे सगळं फाइलीत लिहायचं, आणि एक ओळ चुकली की टायपिंग काही प्रोग्राममध्ये चालतं, काहींत नाही. मग डोक्याला शॉट.

मामीसाठी मी इन्स्क्रिप्ट निवडला. 1991 पासून भारतीय मानकात असलेला कीबोर्ड, विंडोजवर शिकलात तरी लिनक्सवर तोच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एका कागदावर तक्ता काढून भिंतीला चिकटवला. पहिल्याच अर्जात ती ‘शेतकऱ्यांना’ या शब्दावर अडली. ‘र्य’ येतोय, ‘ऱ्य’ येत नाही! त्याला शिफ्ट धरून जे, मग हलंतासाठी डी, मग य. तीनदा केलं आणि जमलं. मामीने तो शब्द कागदावर वेगळा लिहून ठेवला, ‘हा रोज लागणार’ म्हणाली.

फॉन्टचं म्हणाल तर ती काळजी आता उरलेली नाही. रेड हॅटने ‘लोहित’ नावाने भारतीय लिप्यांचे फॉन्ट मोकळे केले (लोहित म्हणजे तांबडा, नाव बरोबर पकडलंय), गुगलचे ‘नोटो’ आहेत. भाषा मराठी निवडली की त्यातले काही आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात, हिंदी वळणाचे नाही. बघणाऱ्याला पटकन कळत नाही, पण आपल्या पाठ्यपुस्तकासारखं दिसतं. टर्मिनलमध्ये मात्र देवनागरी अजून नीट जुळत नाही, वेलांट्या भलतीकडे जातात. तेव्हा फाइलींची नावं इंग्रजीत ठेवलेली बरी. पूर्ण मेनू मराठीत करून पाहिला तोही प्रयोग झाला. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी अशी खिचडी दिसली. स्वयंसेवक जेवढं भाषांतर करतात तेवढं येतं. बहिणीने दोन मिनिटांत परत इंग्रजी केलं.

भात आणि राइस

एवढं झाल्यावर बहिणीने फोन पुढे केला. वर्गातल्या एका मुलाच्या स्क्रीनचा फोटो. काळी पार्श्वभूमी, मागे धुक्यातला डोंगर, चार खिडक्या एकमेकींना चिकटून अगदी फरशीसारख्या बसवलेल्या, एकीत हिरव्या अक्षरांत काहीतरी सरकतंय. ‘ताई, हे कसलं भारी आहे. हेच टाकू या ना.’

ते आय-थ्री होतं. मिखाएल श्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने 2009 मध्ये सुरू केलेला विंडो मॅनेजर. खिडक्या एकमेकींवर न चढता आपोआप शेजारी शेजारी लागतात, आणि सगळं कीबोर्डवरून. सुपर-एन्टर म्हणजे टर्मिनल, सुपर-डी म्हणजे प्रोग्राम शोधा, सुपर-शिफ्ट-क्यू म्हणजे खिडकी बंद. याच जातीचं डीडब्ल्यूएम तर आणखी कडक. त्याचा कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवायचा असा त्यांचा नेम, आणि साधा रंग बदलायचा तरी सी भाषेतली फाइल बदलून पुन्हा कंपाइल करायचं. यामुळे नवखे लोक लांब राहतात, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात!

अशी स्क्रीन सजवण्याला या लोकांच्या भाषेत ‘राइस’ करणं म्हणतात. आमच्याकडे त्याच आठवड्यात भाताची कापणी चालू होती. मामा दिवसभर शेतात, आणि इकडे आम्ही दोघी ‘राइस’ या विषयावर चर्चा करत बसलेल्या. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘तुमचा राइस तयार झाला की इकडचा झोडायला या.’

मला आय-थ्री मनापासून आवडतं, मी स्वतः वापरते. म्हणूनच नाही म्हणाले. माझा किस्सा तिला सांगितला, तुम्हालाही सांगते. कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी असाच एक फोटो बघून पेटले आणि जुन्या लॅपटॉपवर आय-थ्री बसवलं. तीन रात्री रंग आणि पट्ट्या जुळवण्यात गेल्या. चौथ्या रात्री प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहायला बसले. पावसाळा होता, लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालतोय म्हणून मी निवांत. आय-थ्रीच्या पट्टीत कोपऱ्यात बॅटरीचा बारीक आकडा असतो, पण समोर येऊन ‘बॅटरी संपतेय’ असं सांगणारा कोणी नसतो. तो आपण नेमायचा असतो, आणि मी नेमला नव्हता. लॅपटॉप एकदम काळा पडला. अकरा पानांतली सात गेली. सेव्ह करायला हवं होतं, हे कळतं हो. पण पूर्ण डेस्कटॉपमध्ये पॉवर मॅनेजर नावाचा एक गुमास्ता असतो, तो आधी इशारा देतो, बॅटरी फारच उतरली तर मशीन झोपवतो. ही माणसं आपल्याला कधी दिसत नाहीत. ती गेल्यावर कळतं की घर कोण चालवत होतं.

आता निडीत लाइट जाणं काही नवल नाही. हिच्या लॅपटॉपची बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांवर आलेली. त्याच लॅपटॉपवर मामीचं इतिवृत्त. मामीने सुपर-शिफ्ट-क्यू का पाठ करावं? लाइट गेल्यावर वायफायऐवजी फोनचा हॉटस्पॉट जोडायला चिन्हावर क्लिक करता आलं पाहिजे, प्रोजेक्टर लावला तर स्क्रीन आपोआप ओळखली गेली पाहिजे, आवाजाचं बटण दाबलं तर आवाज वाढला पाहिजे. आय-थ्रीत हे सगळं जमतं, पण एकेक जोडावं लागतं. ज्याच्याकडे दुसरं मशीन आहे त्याने खुशाल जोडावं. परीक्षेच्या महिन्यात आणि एकुलत्या एका मशीनवर नको.

बहीण हिरमुसली. मग मी तिला एक गोष्ट दाखवली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे आहेत, लिनक्सपासून सी, पायथनपर्यंत, दहा-दहा मिनिटांचे, आणि बरेचसे मराठी आवाजातही. त्यांची पद्धतच अशी की अर्ध्या स्क्रीनवर धडा चालवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून बघायचं. त्यासाठी आय-थ्री लागत नाही. एक्सएफसीईत खिडकी ओढून डाव्या कडेला टेकवली की ती अर्धी होते, दुसरी उजव्या कडेला. ‘म्हणजे हे पण चिकटतं?’ तिने दोन खिडक्या शेजारी शेजारी लावून बघितल्या. मग मागे अवचितगडाचा फोटो लावला, पट्टी काळी केली, चिन्हं बदलली. अर्ध्या तासात तिचा राइस शिजला.

मिंटची एक्सएफसीई आवृत्ती त्याच रात्री नव्या एसएसडीवर चढली. वायफाय पहिल्या झटक्यात चालला नाही. फोन केबलने जोडून इंटरनेट दिलं, ड्रायव्हर उतरवला, मग चालला. हे जवळपास प्रत्येक जुन्या लॅपटॉपवर एकदा होतंच, त्यामुळे घाबरू नका, केबल जवळ ठेवा. कोणी म्हणेल सिनॅमन का नाही टाकलं, मिंटचा मुख्य डेस्कटॉप तोच. आठ जीबी असते तर टाकलं असतं. वेलँडचं काय, असंही एकाने विचारलं. नोमने सप्टेंबर 2025 च्या आवृत्तीत जुन्या एक्स-इलेव्हनवर चालायची सोय मुळात बंदच ठेवली आहे, एक्सएफसीई अजून मुख्यतः जुन्यावरच आहे आणि वेलँडचं काम हळूहळू चाललंय. या मशीनचं जेवढं आयुष्य उरलंय तेवढ्यात त्याने काही बिघडणार नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी परतले. मध्ये दोन महिने काही विचारणा नाही, म्हणजे सगळं ठीक. परवा रात्री फोटो आला. तोच लॅपटॉप, पण काळी स्क्रीन आणि तीन खिडक्या फरशीसारख्या चिकटलेल्या. परीक्षा संपल्यावर तिने एका कमांडने आय-थ्री शेजारी टाकून घेतलं होतं. लॉगिनच्या पडद्यावर एक बारीक चिन्ह असतं, तिथून त्या वेळी कुठल्या डेस्कटॉपमध्ये शिरायचं ते निवडता येतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, सापडलं.

खाली लिहिलं होतं, ‘बॅटरीचा इशारा आधी लावला, रंग नंतर. आईचं एक्सएफसीईच ठेवलंय. ती म्हणते हात लावायचा नाही.’